भिंत आर्किटेक्टची, चित्र भूरीबाईंचं

१९८० च्या आसपासची गोष्ट. भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी, श्यामला टेकडीच्या उतारावर एका मोठ्या सरकारी इमारतीचं काम चाललं होतं. झाबुआ जिल्ह्यातून पोटासाठी आलेली भिल्ल समाजातली एक तरुण मुलगी तिथे मजुरीला होती. दिवसभर ओझी वाहायची आणि संध्याकाळी सहा रुपये हातात पडायचे. हिंदी धड येत नव्हतं. एक दिवस एका दाढीवाल्या गृहस्थांनी तिला विचारलं, की तुमच्याकडे घराच्या भिंतींवर चित्रं काढतात, तशी इथे काढशील का? तिला पहिली काळजी पडली ती मजुरीची. चित्रं काढत बसलं तर खाडा होणार, मग पैसे कोण देणार? ते म्हणाले, बसून चित्रं काढ, दिवसाला दहा रुपये देतो. भूरीबाईंनी स्वतः ही हकिकत अनेक मुलाखतींत सांगितली आहे. उन्हात ओझी वाहायचे सहा आणि सावलीत बसून चित्रं काढायचे दहा, हा हिशोब त्यांना कितीतरी दिवस खरा वाटत नव्हता म्हणे!

ते गृहस्थ म्हणजे नामवंत चित्रकार जगदीश स्वामीनाथन. ती इमारत म्हणजे आज देशभर नावाजलेलं ‘भारत भवन’. आणि त्या मजूर मुलीला, भूरीबाईंना, २०२१ साली ‘पद्मश्री’ मिळाली.

या गोष्टीतलं तिसरं नाव आहे चार्ल्स कोरिया यांचं. भारत भवनाचा आराखडा त्यांचा. इमारत म्हटली की आपल्याला नकाशा, सिमेंट आणि इस्टिमेट आठवतं. चित्रकार, शिल्पकार, विणकर यांचा त्याच्याशी काय संबंध, असंच वाटतं. कोरियांच्या पन्नासेक वर्षांच्या कामाकडे पाहिलं, की हा संबंध किती जवळचा असू शकतो ते कळतं. आणि त्यात बायकांचा हात किती मोठा आहे, तेही.

आगगाडीचे रूळ ते गांधीजींचा आश्रम

कोरियांचा जन्म १ सप्टेंबर १९३० चा, सिकंदराबादचा. घराणं मूळ गोव्याचं. लहानपणी खेळण्यातल्या आगगाडीचं त्यांना भारी वेड. रूळ कसे जोडायचे, गाडी कुठून वळवायची, हे कागदावर आखत बसायचा नाद तिथूनच लागला. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकून ते अमेरिकेला गेले. आधी मिशिगन विद्यापीठात आणि मग एमआयटीत आर्किटेक्चर शिकले आणि परत येऊन १९५८ साली त्यांनी मुंबईत स्वतःचं काम सुरू केलं.

तो काळ आधुनिक वास्तुकलेच्या भराचा होता. काँक्रीट, लोखंड, काच आणि सरळ रेषा! नक्षी, वेलबुट्टी, कोरीव खांब हे सगळं जुनाट मानलं जायचं. युरोपात ते ठीक होतं. तिथे थंडी असल्यामुळे बंद खोका बांधला तरी चालतो. आपल्याकडे मे महिन्यात काचेच्या खोक्यात बसून पाहा!

कोरियांनी आधुनिकपणा सोडला नाही, पण अंगण आणि ओसरीही सोडली नाही. अहमदाबादच्या साबरमती आश्रमातलं गांधी संग्रहालय हे त्यांचं सुरुवातीचं मोठं काम. १९६३ साली त्याचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. सहा मीटर बाय सहा मीटरचे, म्हणजे साधारण वीस फुटी चौकोन एकाला एक जोडलेले. विटांचे खांब, वर कौलं. खिडक्यांना काचा नाहीत, लाकडी पट्ट्यांची झडपं आहेत. काही चौकोन मुद्दाम उघडे ठेवलेले. मधे पाण्याचा हौद. आपल्या आजोळच्या घरात वावरल्यासारखंच वाटतं. डोक्यावर आकाश असलेली जागा ही सुद्धा घरातली खोलीच आहे, असं कोरिया आयुष्यभर सांगत राहिले. उन्हाळ्यात गच्चीवर आणि हिवाळ्यात अंगणात बसणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको!

पुढे मुंबईत १९८३ साली पुरा झालेला ‘कांचनजंगा’ हा उंच टॉवर बांधताना त्यांनी प्रत्येक घराला कोपऱ्यात दुमजली उंचीची मोकळी गच्ची दिली. म्हणजे ओसरीच उचलून आभाळात नेली म्हणा ना!

घरातला माग

कोरियांचं १९६१ साली लग्न झालं ते मोनिका यांच्याशी. त्याही झेवियर्सच्याच, मायक्रोबायोलॉजी शिकलेल्या. १९६२ साली चार्ल्स एमआयटीत शिकवायला गेले तेव्हा मोनिकाही बरोबर होत्या. नवरा कामावर आणि आपण परक्या गावात. अशा वेळी दिवस कसे जातात, ते बदलीच्या नोकरीवाल्यांच्या बायकांना विचारा. मोनिकाताईंची तिथे मारियान स्ट्रेंगेल या फिनलंडहून आलेल्या नामवंत विणकर बाईंशी गाठ पडली आणि त्यांच्याकडून त्या विणकाम शिकल्या. मुंबईला परतल्यावर सरकारच्या विणकर सेवा केंद्रात त्यांनी हात आणखी पक्का केला.

त्यांच्या कामातली एक गंमत इचलकरंजी, सोलापूर, येवल्याच्या मैत्रिणींना लगेच समजेल. मागाला फणी असते. उभे धागे सारख्या अंतरावर राहावेत आणि आडवा धागा घट्ट बसावा, हे तिचं काम. मोनिकाताई विणता विणता ही फणीच काढून टाकायच्या. मग उभे धागे सुटे होतात, थोडे सरकतात, एकमेकांजवळ येतात किंवा लांब जातात. कापडात नदीच्या प्रवाहासारखी वळणं उमटतात. ती वळणं कशी जाऊ द्यायची आणि कुठे आवरायची, हे हातानं ठरवायचं. मशीनला ते जमणार नाही.

मोनिकाताईंचं विणकाम न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’च्या संग्रहात आहे. बाई घरात बसून विणते तेव्हा त्याला ‘वेळ घालवणं’ म्हणतात आणि तेच संग्रहालयाच्या भिंतीवर गेलं की कला. हा फरक कापडात नसतो, बघणाऱ्याच्या नजरेत असतो. घरातच असं काम रोज चाललेलं असताना, कलाकाराचा हात म्हणजे काय हे कोरियांना कुणी निराळं शिकवायला हवं होतं असं वाटत नाही.

ओट्याचा कडाप्पा आणि दिल्लीचा वड

आपल्याकडे इमारत आणि चित्र यांचं नातं बहुतेक वेळा कसं असतं? इमारत पुरी होते, फर्निचर येतं आणि मग पैसे उरले तर भिंतीवर एखादी तसबीर लागते. खिळा ठोकला की झालं काम! कोरियांच्या गाजलेल्या इमारतींमध्ये चित्र हा इमारतीचाच भाग असतो. ते काढून टाकलं तर इमारत लंगडी होईल.

दिल्लीची ब्रिटिश कौन्सिलची इमारत बघा. ती १९९२ साली पुरी झाली. तिच्या दर्शनी भागासाठी कोरियांनी हॉवर्ड हॉजकिन या इंग्लिश चित्रकाराला बोलावलं. हॉजकिन १९६४ पासून भारतात येत होते आणि आपल्या लघुचित्रांचा त्यांच्याकडे स्वतःचा मोठा संग्रह होता. त्यांची चित्रं भडक, उधळलेल्या रंगांसाठी प्रसिद्ध. इथे मात्र त्यांनी फक्त पांढरा आणि काळा घेतला. इमारतीच्या तोंडावरच फांद्या पसरलेला एक प्रचंड वड! पांढरा आहे मकराण्याचा संगमरवर आणि काळा आहे कडाप्पा. हो, तोच कडाप्पा, ज्याच्या ओट्यावर आपण पोळ्या लाटतो. रंगाचा एक थेंब नाही. कारागिरांनी दगड कापून तुकड्याला तुकडा जुळवत तो वड उभा केला. चित्राची कल्पना एका इंग्रजाची, पण ती उतरली आपल्या पाथरवटांच्या हातातून.

आत गेलं की एकामागे एक जागा लागतात. कुठे युरोपचा विज्ञानयुगाचा काळ, कुठे मुघलांची चारबाग, कुठे हिंदू कल्पनेतला बिंदू. इंग्रजांच्या ऑफिसात शिरायचं ते वडाच्या सावलीतून आणि पोचायचं बिंदूपाशी. दोन देशांच्या जुन्या, अवघड नात्याबद्दल पानभर लिहूनही जे साधलं नसतं, ते इथे न बोलता सांगितलं गेलं.

जयपूरच्या ‘जवाहर कला केंद्रा’त त्यांनी नवग्रहांचे नऊ चौकोन मांडले. प्रत्येक ग्रहाचं चिन्ह भिंतीत दगडानंच जडवलेलं. मधला चौकोन सूर्याचा. तो रिकामा आहे, नुसतं पायऱ्यांचं कुंड आणि वर आकाश. आपल्या पुण्याच्या ‘आयुका’तही असंच मोठं कुंड आहे आणि तिथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. डॉ. जयंत नारळीकरांच्या या संस्थेत तारे शिकायला येणारी मुलं या चौघांच्या सोबतीनं हिंडतात.

पणजीचे कायमचे प्रेक्षक

गोव्यातली ‘कला अकादमी’ आपल्या नाटकवेड्या मंडळींना ठाऊक असेल. पणजीत मांडवीच्या काठी कोरियांनी ती बांधली. तिथल्या नाट्यगृहाला मास्टर दीनानाथ मंगेशकरांचं नाव आहे. या नाट्यगृहाच्या भिंती रंगवल्या मारिओ मिरांडा यांनी. व्यंगचित्रं काढणारे तेच मारिओ. गोव्यातल्या माणसांचे चेहरे ओळखावेत तर त्यांनीच.

त्यांनी काय केलं, भिंतींवर जुन्या थाटाच्या नाट्यगृहातल्या बाल्कन्या रंगवल्या आणि त्यात प्रेक्षक बसवले. नटून थटून आलेले, कुजबुजणारे. खालच्या खुर्च्या रिकाम्या असल्या, तरी नटाला समोर माणसं दिसतातच! काटकोनातल्या काँक्रीटच्या इमारतीला मारिओंनी एका फटक्यात गोव्याचा चेहरा दिला.

पण या इमारतीची पुढची कथा काळजी वाटावी अशी आहे. समुद्राची खारी हवा आणि वर्षानुवर्षांची हेळसांड यांनी ती खचत गेली. २०१९ साली तिचा भाग पाडायची भाषा सुरू झाली, तेव्हा कलाकार, आर्किटेक्ट आणि कोरियांच्या नावानं पणजीत काम करणारी फाउंडेशन विरोधात उभी राहिली. मग दुरुस्ती ठरली. आणि ती चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचं छप्पर कोसळलं. कॅनव्हासवरचं चित्र दुसरीकडे हलवता येतं. भिंतीवरचं चित्र मात्र भिंत टिकली तरच टिकतं. म्हणून अशा इमारतीची गळती वेळेवर थांबवणं हे सुद्धा कलेचंच काम आहे. दर पावसाळ्याआधी गच्चीच्या भेगा बुजवणाऱ्या बाईला हे पटेल.

भारत भवन : टेकडीत लपलेलं घर

आता परत भोपाळला येऊ. भारत भवनाचं उद्घाटन १३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते झालं. रस्त्यावरून पाहिलं तर इमारत दिसतच नाही म्हणा. गच्च्या दिसतात, पायऱ्या दिसतात आणि पलीकडे तलावाचं पाणी. आपण उतरत जातो, तसतशी अंगणं लागतात आणि अंगणांच्या कडेनं दालनं. घाटाच्या पायऱ्या उतरल्यासारखंच. सरकारी इमारत म्हणजे उंच जोतं, मोठे खांब आणि दारावर शिपाई. इथे तसला दरारा नाही. अनवाणी माणसालाही आत यायला भीती वाटू नये, अशी ही जागा.

स्वामीनाथन तिथल्या ‘रूपंकर’ या कला विभागाचे प्रमुख. शहरातली शिकलेल्या चित्रकारांची चित्रं आणि खेड्यापाड्यांतल्या आदिवासी कलाकारांची चित्रं एकाच मानानं, एकाच छपराखाली मांडायची, हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी तरुण मुलांना गावोगाव पाठवलं. पाटनगढ गावात जनगढसिंह श्याम हा गोंड मुलगा असाच सापडला. पुढे कोरियांनी भोपाळमध्येच मध्य प्रदेशचं विधान भवन बांधलं. त्याच्या भिंतींवर जनगढनी भली मोठी चित्रं रंगवली. जिथे कायदे होतात, त्या भिंतींवर गोंडांचे प्राणी आणि देव आले. या इमारतीला १९९८ साली आगाखान पुरस्कार मिळाला.

भूरीबाईंच्या बाबतीत आणखी एक पेच होता. भिल्लांमध्ये पिठोरा चित्र पूजेचं असतं आणि त्यातले पवित्र घोडे काढण्याचा मान पुरुषांचा. बाईनं ते काढायचे नाहीत. भूरीबाईंनी ती मर्यादा पाळली आणि बाकी सगळं जग कागदावर आणलं. झाडं, मोर, शेतं, घरं, जत्रा. त्याआधी गेरू, हळद, तव्याची काजळी असे रंग त्या स्वतः करायच्या. तयार रंगात ब्रश बुडवून कागदावर ठेवल्याबरोबर रंग उमटतो, याचाच त्यांना केवढा आनंद झाला! भिल्ल चित्रं कागदावर उतरवणाऱ्या त्या पहिल्या बाई मानल्या जातात.

आपल्या वारल्यांकडे याच्या बरोब्बर उलट आहे, हे लक्षात घ्या. लग्नाचा चौक लिहायचा मान तिथे सवाष्णींचा. पण वारली चित्रकला जगभर गेली ती जिव्या सोमा म्हसे या पुरुषाच्या नावानं. त्यांचं मोठेपण आहेच, २०११ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. पण चौक लिहिणाऱ्या कितीतरी सवाष्णींची नावं कुणीच टिपून ठेवली नाहीत.

रहिवाशांचे हात

कोरियांचं महाराष्ट्राशी सगळ्यात मोठं नातं नवी मुंबईचं. खाडीपलीकडे नवं शहर वसवा, ही कल्पना १९६० च्या दशकात तिघांनी मांडली. कोरिया, इंजिनियर शिरीष पटेल आणि आर्किटेक्ट प्रवीणा मेहता. त्या तिघांत एक बाई होती, हे फारसं कुणी सांगत नाही. १९७० ते १९७५ या काळात कोरिया तिथले मुख्य आर्किटेक्ट होते.

बेलापूरला १९८० च्या दशकात त्यांनी लहान घरांची एक वसाहत केली. ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ म्हणून ती ओळखली जाते. सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, अशी तीन अंगणं मिळून एक मोठं अंगण. दोन घरांत सामाईक भिंत नाही. का? तर पुढे मुलगा मोठा झाला, सून आली, तर शेजाऱ्याला न विचारता खोली वाढवता यावी म्हणून. बांधणी साधी, गावातल्या गवंड्याला जमेल अशी. लोकांनी खरोखरच घरं वाढवली, बदलली, कित्येकांनी पाडून नवी बांधली. काही अभ्यासकांना याचं वाईट वाटतं. पण घर राहणाऱ्याच्या हाताखाली बदलणार, हे कोरियांनी आधीच धरून चाललं होतं. फणी काढून धागे सैल सोडण्यासारखंच की हे!

नाव कुणाचं?

१९८४ साली कोरियांना ब्रिटनमधल्या आर्किटेक्टांच्या संस्थेचं सुवर्णपदक मिळालं, २००६ साली ‘पद्मविभूषण’. १६ जून २०१५ रोजी ते मुंबईत गेले. त्यांच्या पश्चात त्यांची मुलगी नोंदिता हीही आर्किटेक्ट म्हणून काम करते.

भूरीबाई घडल्या, त्याचं श्रेय काही कोरियांचं नाही. ते आधी भूरीबाईंच्या हाताचं आणि मग तो ओळखणाऱ्या स्वामीनाथन यांचं. पण एक गोष्ट खरी. अशा भेटी घडायला जागा लागते. दरारा न दाखवणारी इमारत लागते आणि मजुराला माणूस म्हणून बघणारा कुणीतरी तिथे हिंडत असावा लागतो. आणि सगळ्यांनाच हे लाभत नाही. जनगढसारखा गुणी कलाकार २००१ साली जपानमध्ये कामाला गेलेला असताना, घरापासून इतक्या लांब अकाली गेला. भूरीबाईंबरोबर ओझी वाहणाऱ्या बाकीच्या बाया कोण होत्या, त्यांच्या बोटांत काय होतं, ते कुणाला कळलंच नाही.

आपल्या गावात शाळेची नवी इमारत होते, नगरपालिकेचं नाट्यगृह होतं. कोनशिलेवर मंत्र्यांची, अध्यक्षांची, ठेकेदाराची नावं येतात. भिंतींवर मग सुविचार रंगवले जातात, तेही पेंटरला उरकून टाकायला सांगून. मैत्रिणींनो, तुम्ही शाळेच्या समितीवर असाल, बचत गटात असाल, ग्रामपंचायतीत निवडून आला असाल, तर प्लॅन मंजूर होतानाच एक प्रश्न विचारा. यातली कुठली भिंत कलाकाराची? गावात रांगोळी काढणारी, गोधडी शिवणारी, चौक लिहिणारी बाई असतेच. तिला आधी बोलवा, तिच्या कामाची मजुरी इस्टिमेटात धरा आणि काम झालं की भिंतीच्या कोपऱ्यात तिचं नाव लिहा. खर्च फार नाही. ‘हौस म्हणून कर ग’ असं मात्र तिला म्हणू नका. स्वामीनाथन यांनी भूरीबाईंना फुकट चित्र काढायला सांगितलं नव्हतं. ओझी वाहण्यापेक्षा चार रुपये जास्तच दिले होते.

भोपाळला कधी गेलात, तर भारत भवनाच्या जवळच आदिवासी संग्रहालय आहे. तिथे एका लांबलचक भिंतीवर भूरीबाईंनी स्वतःच्या आयुष्याची गोष्ट रंगवली आहे. ती भिंत सावकाश बघा. मजूर म्हणून भोपाळला आलेल्या बाईनं ती चित्रकार म्हणून भरली आहे.